आजीचं वय कुठे बसलं नाही

स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण दर जयंतीला ऐकतो. त्यात शिकणारी मुलगी असते, तिला शिकवणारे वडील नाहीतर नवरा असतो, आणि एक म्हातारी असते. ती नेहमी माजघरातून टोमणे मारणारी. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना शिकण्यावरून किती बोलून घेतलं ते त्यात वाचायला मिळतं. न्यायमूर्तींकडे धडा गिरवायचा आणि त्याची भरपाई स्वयंपाकघरात मान खाली घालून करायची. मी त्या बायकांची वकिली करायला बसलेली नाही. पण त्या सासवांना, आत्यांना स्वतःला शिकावंसं वाटत होतं का, हे कुणी विचारलं होतं?

मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग निघाले, नाही असं नाही. रमाबाईंनीच १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं. तिथे शाळेचं वय उलटून गेलेल्या, लग्न झालेल्या, विधवा बायका शिकायला येत. पार्वतीबाई आठवले तर धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, आणि इंग्रजी यायलाच हवं म्हणून १९१८ साली अमेरिकेला गेल्या. तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. लोकांच्या घरी कामं करून तिथे राहिल्या. त्या काळात त्या वयाच्या बाईला नातवंडं असायची! पण पार्वतीबाई एकच.

बाकीच्या अडाणी होत्या का? अक्षरओळख नसणं म्हणजे डोकं रिकामं असणं नव्हे, हे आपल्याला सांगायला नको. पहाटे जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या आणि दळणासोबत ओवी चालायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांतून अशा ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. माहेर, सासर, विठ्ठल, सीतेचा वनवास, अगदी बाबासाहेब आंबेडकरसुद्धा त्यांत आहेत. ही बायकांची शाळाच होती, आणि तिथे थोरल्या बाईला मान होता, कारण जास्तीत जास्त ओव्या तिला पाठ. पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ती बसण्याची जागाही गेली. म्हातारीला मग देऊळ उरलं. तिथे पोथी लागायची, वाचणारा दुसरा, ही ऐकणारी. आयुष्यभर ऐकून अध्यायांची गोष्ट तोंडपाठ, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते मात्र कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रौढ शिक्षण मनावर घेतलं. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावच्या गाव रात्री कंदिलाच्या उजेडात शिकायला बसलं. पुढे ती राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मोठं काम होतं ते, त्याबद्दल दुमत नाही. पण मोहीम होती चौदा ते पन्नास वर्षांच्या माणसांसाठी. म्हणजे एक्कावन्न वर्षांची बाई अंगठाच उठवत असली तरी गाव पूर्ण साक्षर! १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात ही रेघ आणखी अलीकडे आली, पंधरा ते पस्तीस. १९८८ च्या साक्षरता अभियानातही तीच. कारण सरळ होतं: पैसा थोडा, माणसं थोडी, तेव्हा कमावत्या वयाला आधी शिकवा. हिशेब म्हणून ते पटतं. घरातल्या बाईला मात्र ते दोनदा लागलं. लहानपणी भावंडं सांभाळायची म्हणून शाळा नाही, आणि हात मोकळे झाले तेव्हा वय बसत नाही.

याच काळात, १९७३ साली, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर व्हेला या प्राध्यापकांनी निवृत्त माणसांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडले. नोकरी मिळावी म्हणून नाही. वय झालेला माणूस एकटा पडू नये, त्याचं डोकं चालतं राहावं म्हणून. शिकण्याचं कारण कमाईच असलं पाहिजे, ही अटच त्यांनी काढून टाकली.

आपल्याकडे हे घडलं ते ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी. ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने आजीबाईंची शाळा काढली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका. वेळ दुपारची, दोन ते चार, म्हणजे घरचं आणि शेतातलं आवरल्यावर. गणवेश गुलाबी नऊवारी. या वयाच्या कितीतरी बायकांनी कुंकवाबरोबर रंगही सोडून दिलेला असतो, तिथे गुलाबी! पाठीला दप्तर, हातात पाटी, शिकवायला गावातलीच सून. पाटीवरचं अक्षर मोतीबिंदूच्या डोळ्याला नीट दिसत नाही, काल शिकलेलं आज विसरतं. तरी वर्ग भरतो. घरी नातवंडं अभ्यास घेतात. बँकेत अंगठ्याच्या जागी सही आली. आणि रोज दोन तास शेजारणींशेजारी बसणं आलं, जे जात्याबरोबर गेलं होतं.

सध्या सरकारचा 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७. त्यात वय पंधराच्या पुढे एवढंच म्हटलंय, वरची मर्यादा नाही. नावनोंदणी गावातल्या शाळेमार्फत होते. गुरुजी किंवा बाई घरी आल्या की आपण सूनबाईचं, शेजारणीचं नाव सांगतो. कोपऱ्यात निवडायला बसलेल्या सासूबाईंचं नाव सांगायच्या आधी त्यांना विचारा. त्या नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि त्यांच्या मैत्रिणीला सोबत घेऊन विचारा.