रक्तांतील शत्रूचें मर्मस्थान

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची जत्रा घोड्याबैलांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. लाल कंधारी, लातूरकडील देवणी अशा जातींचीं जनावरें पारखतांना गिऱ्हाईक शिंगें पाहतो, खूर पाहतो, दांत मोजतो. रक्त मात्र त्यास दिसत नाहीं. आणि सर्रा नांवाच्या रोगाचें ठाणें नेमकें तेथेंच असतें.

१८८० सालीं तेव्हांच्या पंजाबांत, डेरा इस्माइलखान येथें, घोडे व उंट झिजून मरत होते. लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनीं त्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तों तांबड्या पेशींच्या गर्दींतून वळवळत जाणारे जंतु त्यांस दिसले. हेच रोगाचें कारण, असें ते म्हणाले. वरिष्ठांस तें पटेना. अधिकाराच्या खुर्चीवरून सूक्ष्मदर्शकापेक्षां अधिक दिसतें, असा समज त्या काळींहि होता! पुढें त्या जंतूस इव्हान्स यांचेंच नांव मिळालें. आफ्रिकेंतील निद्रारोगाचे जंतु याचेच भाऊबंद. तेथें त्सेत्से माशी रोग पसरविते. ती भारतांत नाहीं. येथें तें काम गोमाशी करिते. एका जनावराचें रक्त पितां पितां ती उठते, दुसऱ्यावर बसते, आणि सोंडेवरील जंतु तिकडे जातात.

माणसास सर्रा होत नाहीं, असें मानलें जाई. २००४ सालीं त्या समजास धक्का बसला. चंद्रपूर जिल्ह्यांतील (नांदेडला लागून यवतमाळ, त्यापलीकडचाच हा मुलूख) एका शेतकऱ्यास पांच महिने ताप येत-जात होता. त्याच्या रक्तांत हेच जंतु सांपडले. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनीं तपास केला आणि सुरामिन या औषधानें तो बरा झाला. पण रोग त्यालाच कां व्हावा? गोठा तर गांवांत घरोघर. तेथील १,८०६ लोकांच्या तपासणींत अनेकांच्या रक्तांत जंतूशीं गांठ पडल्याच्या खुणा मिळाल्या, जंतु मात्र मिळाले नाहींत. उत्तर २००६ सालीं हातीं आलें. माणसाच्या रक्तांत एपोएल-१ नांवाचें प्रथिन असतें. तें जंतूस भोंकें पाडून मारतें. त्या शेतकऱ्याच्या रक्तांत तें जन्मतःच नव्हतें.

सुरामिनची कुळकथा रंगाच्या कारखान्यांत सुरू होते. १९०४ सालीं पॉल एर्लिक व शिगा यांनीं एका तांबड्या रंगानें उंदरांतील असे जंतु मारून दाखविले. त्याच वाटेनें शोधीत जर्मन रसायनज्ञांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत हें बिनरंगी औषध सिद्ध केलें. म्हणजे चंद्रपूरच्या शेतकऱ्यास वांचविणारें औषध नव्वदीच्या घरांतलें! शिवाय तें अंधारांत मारलेल्या दगडासारखें शोधलेलें. जंतूचें मर्म आधीं कोणी पाहिलें नव्हतें.

तें मर्म म्हणजे जंतूस अवश्य आणि माणसास अनोळखी अशी वस्तु. १९८५ सालीं फेअरलॅम व सेरामी यांनीं तशी एक दाखविली. मनुष्याची पेशी ग्लुटाथायोनच्या बळावर विषारी ऑक्सिजनाशीं झुंजते. हे जंतु ट्रायपनोथायोन वापरतात. त्यास सांभाळणारें विकर बंद पाडावें, जंतु मरेल, रोगी वांचेल. युक्ति सरळ, परंतु तीस वर्षें खपूनहि त्या विकरावर घरीं नेण्याजोगें औषध निघालें नाहीं. उलट २०१८ सालीं निद्रारोगावर मान्यता पावलेलें फेक्सिनिडाझोल हें जुन्या, बाजूस टाकलेल्या औषधांतून उकरून काढलेलें होतें. जंतूचेंच एक विकर त्याला विष बनवितें, हें त्याचें मर्म.

मराठवाड्याच्या गोठ्यांतील जनावरास मात्र अद्याप १९४९ च्या सुमारास आलेलें क्विनापायरामिनच टोंचलें जातें.