तळटीप : ‘अक्षयने अंडरटेकरला उचलून आपटले’

१. लेखकाचे सांताक्रूझमधील बालपण केबल आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती-खेळाच्या पत्त्यांचे. मधल्या सुट्टीत उंची, वजन, छाती, बायसेप यांचे आकडे पुकारून ते पत्ते जिंकले जात. अंडरटेकर सात वेळा मरून उठला, असे त्या पिढीतली मुले छातीठोकपणे सांगत. अंडरटेकर म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारा. वाकोला-कालिन्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत हा शब्द परका नव्हता. १९९० साली मार्क कॅलवे हा मल्ल अंडरटेकरचे सोंग घेऊन रिंगणात आला. अस्थिकलश घेऊन त्याच्यासोबत चालणारा पॉल बेअरर, म्हणजे विल्यम मूडी, खऱ्या आयुष्यातही अंत्यविधीचाच परवानाधारक व्यवसाय केलेला गृहस्थ होता! जानेवारी १९९४ मध्ये कॅलवेला शवपेटीत ‘बंद’ केले गेले. खरे कारण पाठीचे दुखणे. त्याला विश्रांती हवी होती. मग ब्रायन ली या मल्लाला तोच वेष चढवून नकली अंडरटेकर उभा केला गेला. ऑगस्टमध्ये शिकागोत खऱ्याने त्याला हरवले. ‘खिलाडियों का खिलाडी’ (१९९६) या चित्रपटात अक्षय कुमारशी लढला तो हाच ली. अक्षय कुमारने स्वतः २०२१ मध्ये हे जाहीरपणे सांगितले. सोंग खरेच आहे असे भासवत राहण्याला या धंद्यात ‘केफेब’ म्हणतात. मुलांनी ते मनापासून पाळले, आणि त्या श्रद्धेचे मोल आम्हांला मोठे वाटते. म्हणून मजकुरातील वाक्य दुरुस्त केलेले नाही.

– संपादक