झाडूचे वेदान्ती कूळ

वर्ध्याजवळच्या पवनारच्या परंधाम आश्रमातून विनोबा भावे १९४०च्या दशकात रोज पहाटे खांद्यावर फावडे टाकून सुरगाव या खेड्यात चालत जात आणि मैला साफ करत. याला ग्रामसेवा म्हणून मोकळे होता येते, पण या रिवाजाचे कूळ शांकर अद्वैतात सापडते. शंकराचार्यांच्या मते मोक्ष फक्त ज्ञानाने. ब्रह्म ही कर्म करून कमवायची वस्तूच नव्हे. मग कर्म कशाला? चित्त निर्मळ करायला. बृहदारण्यक उपनिषदाने त्यासाठी यज्ञ, दान, तप सांगितले. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य ‘नैष्कर्म्यसिद्धी’त म्हणतात, कर्मे बुद्धीला अंतर्मुख करतात आणि पावसाळा सरल्यावर ढग विरावेत तशी विरून जातात. कर्माची चाकरी मुदतीची!

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शांकरभाष्य शिकलेले विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले, तेव्हा ही मांडणी त्यांच्याबरोबर आली. बदलला तो यज्ञ: अग्नीच्या जागी टकळी, चरखा, कुदळ, झाडू. ही ओढाताण नव्हे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांतच पुरावा आहे. चौथ्या अध्यायातले ‘विकर्म’ शंकराचार्यांना निषिद्ध कर्म वाटते. विनोबा त्याचा अर्थ चित्तशुद्धीसाठी बाह्य कर्माला दिलेली मनाची जोड असा करतात. आचार्यांच्या चौकटीतला हेतू ठेवला, अर्थ मात्र बेधडक फिरवला.

यावर टिळकपक्षाचा आक्षेप येईल. ‘गीतारहस्य’ (१९१५) म्हणते की ज्ञानानंतरही लोकसंग्रहासाठी कर्म हवेच. मग हे कूळ टिळकांचे का नाही? टिळकांचा वाटा आहेच, पण ते ज्ञानी पुरुषाने कर्म का सोडू नये हे सांगतात. साधकाचा मळ कसा जातो, हा प्रश्न अद्वैताचा. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मैला मारला गेला, त्यांच्या श्रमाला कोणी चित्तशुद्धी म्हटले नाही. वरच्या जातीच्या माणसाने झाडू घेताच ती साधना कशी? उत्तर अर्धेच देता येते. अद्वैतात क्रिया शुद्ध करत नाही, आसक्ती सोडणे करते. सोडायला आधी निवड लागते, आणि ती जातीने काहींनाच दिली होती. म्हणून सुरगावात धुवायचा मळ होता तो झाडू धरणाऱ्याचा जात्यभिमान. तिथून सक्तीने राबणाऱ्याला उपदेश करण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही.

१९५९ साली विनोबांनी पवनारलाच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. परंपरेने संन्यासाचे दार स्त्रियांना जवळजवळ बंद ठेवले होते. इथे ब्रह्मचारिणींनीच शेती, स्वयंपाक, झाडलोट स्वतःकडे घेतली. सुरेश्वराचार्यांचे ढग मात्र इथे विरत नाहीत: साधना कितीही पुढे गेली तरी सकाळचे झाडणे सुटत नाही.