घाटाचा राजा आणि टप्प्यांची शर्यत

निपाणी मागे टाकून बेळगावकडे निघाले की थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट लागतो. येथे अवजड मालमोटारीही कण्हत चढतात. मग केवळ पायांच्या बळावर चाके फिरविणाऱ्याची काय कथा! तथापि २०१४ साली सुरू झालेल्या पुणे-गोवा सायकल-शर्यतीने नेमकी याच महामार्गाची वाट धरली. ‘डेक्कन क्लिफहँगर’ नावाची ही शर्यत सुमारे ६४० किलोमीटरांची असून एकट्याने उतरणाऱ्यास ती बत्तीस तासांच्या आत पुरी करावी लागते. सकाळी पुणे सोडलेला स्पर्धक सीमाभागात पोचतो तेव्हा बहुधा रात्र पडलेली असते. मागून येणाऱ्या मोटारीचा प्रकाश आणि स्वतःचा श्वास एवढेच त्याचे सांगाती.

दिवसांमागून दिवस चालणाऱ्या शर्यतीची कल्पना मूळची फ्रान्सची, आणि तिची जन्मदात्री एका वृत्तपत्राची कचेरी होय. पॅरिसच्या ‘लोटो’ या क्रीडा-दैनिकाचा खप प्रतिस्पर्धी पत्रापुढे वाढेना, तेव्हा संपादक आंरी देग्रांज यांनी साऱ्या देशाला वळसा घालणारी शर्यत जाहीर केली. १ जुलै १९०३ रोजी साठ सायकलस्वार निघाले. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर तोडून अखेरपर्यंत पोचले ते अवघे एकवीस. विजयी झालेला मोरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. पत्राचा खप वाढला, आणि ‘तूर द फ्रान्स’ने जगाला एक नवा खेळ दिला.

या खेळाचे मर्म त्याच्या हिशेबात आहे. रोजच्या टप्प्याला लागलेला वेळ मांडून ठेवायचा, अखेरीस साऱ्याची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते, आणि एका दिवसाच्या आळसाने चार दिवसांची कमाई बुडते. एका संघाचे सायकलस्वार आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात व आपल्या नायकाचे बळ राखतात. त्यांची नावे फारशी छापली जात नाहीत. परंतु त्यांच्यावाचून कोणीही जिंकत नाही.

मराठी मुलखात सायकलचे वेड जुने आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. पुढे मुंबई-पुणे शर्यतीने घरोघरी नाव मिळविले. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट सर्वांआधी चढून जाणारा तो ‘घाटाचा राजा’! हा किताब लोकांच्या जिभेवर असा रुळला की कित्येकदा शर्यत कोणी जिंकली हे विसरले जाई, पण घाटाचा राजा ध्यानात राही. मात्र ते राज्य एका दिवसाचे होते. उद्याच्या टप्प्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची विद्या त्या शर्यतीत शिकता येत नव्हती.

ती विद्या मराठी सायकलपटूंनी परदेशी जाऊन संपादन केली. नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकएकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. अखेर जानेवारी २०२६ मध्ये टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत मराठी मातीत अवतरली. ‘पुणे ग्रँड टूर’मध्ये आरंभीच्या छोट्या धावेनंतर चार टप्पे होते. एकूण अंतर होते ४३७ किलोमीटर, आणि न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे विजेता ठरला. खेड्यापाड्यांतील शाळकरी मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवीत होती.

सीमाभागाला या इतिहासात वेगळे स्थान आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने निपाणी व बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, कागल तत्कालीन मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, राहिले. कागल आणि निपाणी यांत अंतर वीसेक किलोमीटरांचे. उद्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली तर एका गावचा मुलगा महाराष्ट्राच्या संघातून उतरेल, दुसऱ्या गावचा कर्नाटकाच्या. सरावाचा रस्ता मात्र दोघांचा एकच. विजापूर-बागलकोटच्या रस्त्यांवर घडलेल्या सायकलपटूंनी राष्ट्रीय स्पर्धांत कर्नाटकाचे नाव गाजविले आहे. २००६-०७ पासून कर्नाटकातील सरकारी शाळांच्या आठवीच्या मुलांना सायकली देण्याची योजना कित्येक वर्षे चालली. उणीव आहे ती मार्गदर्शनाची, आणि सकाळच्या दोन तासांपुरत्या निर्धोक रस्त्याची.

पुणे ते बेळगाव हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचे आहे. सातारा, कोल्हापूर, निपाणी असे मुक्काम घेतले तर टप्प्यांची शर्यत जणू भूगोलानेच आखून ठेवली आहे. ती भरेल तेव्हा तवंदीच्या घाटालाही आपला राजा मिळेल. परंतु त्याहून मोठा मान कोणाचा, हे त्या शर्यतीची बेरीज ठरवील. आणि त्या बेरजेत कागलपर्यंतचा वेळ आणि निपाणीपुढचा वेळ एकाच रकान्यात मांडला जाईल.