नाण्यांवरील व्यंग : टांकसाळीचें कीं काळाचें?

आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत, नाहींतर आजीच्या जुन्या डब्यांत, एखादी तांब्याची शिवराई असेल. ती हातांत घेतली म्हणजे पहिला विचार असा येतो, कीं नाणें फारच झिजलें आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ अशीं अक्षरें असावयाचीं. त्यांतील ‘श्री’ अर्धीच दिसते, ‘शिव’ मधील ‘व’ तर कडेबाहेर गेलेला असतो. दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असावें, तेथें ‘छत्र’ एवढेंच सांपडतें. परंतु हा दोष झिजेचा नव्हे. ठसा मोठा आणि चकती लहान, अशी स्थिति असल्यामुळें तें अक्षर त्या नाण्यावर मुळीं उमटलेंच नव्हतें. जें कधीं नव्हतें, तें झिजणार कोठून?

नाण्यावरील व्यंग टांकसाळींतून आलें, कीं टांकसाळ सोडल्यावर जगाच्या व्यवहारांत त्यास चिकटलें, एवढ्या एकाच भेदाविषयीं आज बोलावयाचें आहे.

यंत्रें येण्यापूर्वीं नाणें कसें पाडीत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे अर्धें कोडें सुटतें. खालचा ठसा पक्का बसविलेला. त्यावर धातूची चकती. तिच्यावर हातानें धरलेला दुसरा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्या घावासरशीं धातु ठशाच्या खोलगट रेषांत शिरतो व अक्षर उठून दिसतें. चकती सरकली, तर चित्र एका अंगास जातें. हात हालून दुसरा घाव बसला, तर अक्षरें दुहेरी होतात. कड ताणली जाऊन तिला चीर पडते. ठशालाच भेग गेली असेल, तर नाण्यावर रेघ येते ती खोल नव्हे, उठावाची. हीं सर्व व्यंगें जन्मजात होत.

नंतरचा आघात याच्या उलट वागतो. चरा अक्षराला कापीत जातो आणि त्याच्या कांठाशीं धातूची बारीक धार उभी राहते. ठेंचलेलें अक्षर चपटें होऊन शेजारीं पसरतें. जुन्या रुपयांवर छिन्नीच्या खुणा दिसतात, त्या सराफांनीं चांदीची पारख करतांना केलेल्या. त्या नंतरच्याच, पण त्यांस निव्वळ नासधूस म्हणवत नाहीं.

एक नमुना मोठा मौजेचा आहे. पाडलेलें नाणें ठशालाच चिकटून राहिलें आणि कारागिराच्या तें लक्षांत आलें नाहीं, तर पुढच्या चकतीच्या एका अंगावर ठशाऐवजीं त्या नाण्याचीच छाप बसते. मग एका बाजूस चित्र उठावाचें, आणि दुसऱ्या बाजूस तेंच चित्र खोलगट व आरशांतल्यासारखें उलटें! आपल्याकडील संग्राहक अशा नाण्यास ‘लाखी’ म्हणतात. प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांतही असे नमुने आढळतात. लाखीला किंमत येते, म्हणून दोन नाणीं शेगड्यांत दाबून नकली लाखी करणारेही निघाले. तेथें पाहावयाचें एवढेंच, कीं खोलगट चित्राखालीं त्या बाजूच्या मूळ चित्राचे चिरडलेले अवशेष दिसतात काय? खऱ्या लाखीत ते असूं शकत नाहींत, कारण त्या बाजूस मूळ चित्र कधीं उमटलेंच नव्हतें.

आतां असें एक प्रकरण सांगतों, कीं ज्यांत दोन छापा एकमेकींवर आहेत, पण टांकसाळीची चूकही नाहीं आणि काळाचा आघातही नाहीं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक. सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याचीं. एका बाजूस राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर चित्रांचा विलक्षण गोंधळ दिसे. राजाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या अंगावर चार वर्तुळांचें उज्जयिनी चिन्ह, आणि ब्राह्मी अक्षरांत गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव. घाईनें पाहणाऱ्यानें हीं नाणीं बिघडलेलीं म्हणून बाजूस टाकलीं असतीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं काळजीपूर्वक तपासलीं. खालचें चित्र नवीन चिन्हाखालीं दबलें आहे आणि नवीन चिन्ह मात्र अखंड आहे; म्हणजे हा ठशाचा घाव, आणि तो बुद्धिपुरःसर घातलेला. जिंकणाऱ्यानें हरलेल्याचा पैसा न वितळवितां आपल्या नांवाचा करून घेतला होता!

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असें ती माता त्यांत सांगते. मातेचें कौतुक म्हणून इतिहासकारानें त्या शब्दांतून कांहीं वजा केलें असतें. परंतु नऊ हजार नाणीं साक्षीला उभीं राहिल्यावर वजा करण्यास जागा उरली नाहीं.

म्हणून गृहिणींना एक विनंति करावीशी वाटते. देव्हाऱ्यांतील जुनें नाणें चिंच लावून लख्ख करूं नका. दुहेरी छापेची खालची रेषा केंसासारखी बारीक असते. ती आधीं जाते.

जोगलटेंभीच्या सांठ्यांतील सुमारें चार हजार नाणीं मात्र जशींच्या तशीं होतीं. त्यांच्यावर दुसरा घाव बसण्यापूर्वींच कोणीतरी तीं घाव बसलेल्या नाण्यांसह जमिनींत ठेवून दिलीं होतीं.