बाळाचं पुढं काय?

मिरजेत बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा बराचसा काळ अपुऱ्या दिवसांच्या बाळांपाशी गेला. त्यातल्या काहींच्या आयांना गरोदरपणातच कॅन्सर निघालेला असायचा. तासगावकडची एक आई काचेच्या पेटीतल्या मुलाकडं बघत म्हणाली होती, "म्याडम, माझ्या अंगात गेलेलं औषध ह्याच्याबी अंगात गेलं असंल की. म्होरं ह्याचं काय हुईल?" तिचा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर मिळायला कित्येक दशकं लागली.

सुरुवातीची उत्तरं भयंकर होती. १९२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डग्लस मर्फी आणि लिओपोल्ड गोल्डस्टाइन यांनी गरोदरपणी ओटीपोटावर रेडियमचे किंवा क्ष-किरणांचे उपचार झालेल्या बायकांच्या मुलांची माहिती गोळा केली. त्यातल्या अनेकांची डोकी लहान राहिली होती, बुद्धीची वाढ खुंटली होती. मग औषधांचा काळ आला. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि आजार काही काळ तरी मागं हटला. मूळचे आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत ज्या संशोधनाचे प्रमुख होते, त्यातूनच हे औषध आलेलं. चारच वर्षांनी थिअर्श या डॉक्टरांनी ते गर्भपातासाठी वापरल्याचा अहवाल छापला. गर्भपात पुरा झाला नाही तिथं बाळात व्यंग दिसलं. १९६१ मध्ये थॅलिडोमाइड या औषधानं गर्भांवर केलेला अनर्थ उघडकीला आला आणि गरोदर बाईला कुठलंही जहाल औषध द्यायला डॉक्टरांचे हात कापू लागले.

त्यातून रीतच पडली: दिवस थोडे असतील तर गर्भ पाडा, जास्त असतील तर बाळंतपण लवकर उरका, आणि मग केमो सुरू करा. भीती खोटी नव्हती. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात, तेव्हा या औषधांचा घाव खोल बसतो. पण पहिल्या तीन महिन्यांची ती भीती पुऱ्या नऊ महिन्यांवर पसरवली गेली, हे मला आजही खटकतं.

मेक्सिको सिटीतल्या सरकारी विमा रुग्णालयात रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर बघणाऱ्या आगुस्तीन आविलेस यांनी थांबायचं नाकारलं. हे आजार बाळंतपणापर्यंत वाट बघत नाहीत. त्यांनी गरोदर बायकांना पूर्ण केमो दिली आणि नंतर त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं बोलावून तपासत राहिले. २००१ मध्ये त्यांनी आणि नातिविदाद नेरी यांनी अशा ८४ मुलांचा वृत्तांत छापला. ही मुलं ६ ते २९ वर्षांची झाली होती. शरीर, मेंदू, शाळेतली प्रगती यांत वावगं काही निघालं नाही, कुणाला कॅन्सरही झालेला नव्हता. काहींना तर स्वतःची मुलं झाली होती, तीही तपासली गेली. एकाच रुग्णालयाचा अभ्यास म्हणून त्याला मर्यादा आहेत. ८४ पैकी ३८ जणांना पहिल्या तीन महिन्यांतच औषध पोचलं होतं, पण तेवढ्यावरून तो काळ निर्धोक ठरत नाही. त्या तीन महिन्यांत केमो टाळायची हा नियम आजही कायम आहे. तरीही इतकी वर्षं मुलांचा माग ठेवणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयानं १९९९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २४ गरोदर रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांची केमो पहिले तीन महिने उलटल्यावर ठरावीक पद्धतीनं सुरू केलेली होती. खरा उलगडा मात्र बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या फ्रेडरिक आमांत यांच्या गटानं केला. २०१२ मध्ये त्यांनी गर्भात असताना केमो पोचलेल्या ७० मुलांच्या तपासणीचा वृत्तांत छापला. त्यांची हृदयं ठीक होती, वाढही सर्वसाधारण होती. मात्र ७० पैकी ४७ मुलं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली होती, आणि बुद्धीच्या चाचणीत जी मागं पडत होती ती बहुतेक हीच, अपुऱ्या दिवसांची. २०१५ मध्ये आईला गरोदरपणी कॅन्सर झालेल्या १२९ मुलांची तुलना तितक्याच इतर मुलांशी केली, तीही तितक्याच आठवड्यांना जन्मलेल्या मुलांशी. दोन्ही गट सारखे निघाले. गर्भात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यामागं बुद्धीचा गुणांक जवळपास तीन गुणांनी वाढत होता.

तासगावकडच्या त्या आईचं बाळही औषधाच्या भीतीपोटी ३३ व्या आठवड्यात बाहेर काढलं होतं. पेटीतला श्वासाचा त्रास, कावीळ, जंतुसंसर्ग, हे सारं त्या घाईनं पदरात टाकलेलं.

औषधागणिक फरक आहे, हेही सांगायला हवं. वानरांवरच्या प्रयोगांत डॉक्सोरुबिसिन आईच्या मानानं गर्भाच्या रक्तात दहा टक्क्यांहूनही कमी पोचलं, कार्बोप्लॅटिन मात्र निम्म्याहून जास्त. सिसप्लॅटिन मिळालेल्या काही मुलांना कमी ऐकू येत असल्याच्या नोंदी आहेत. ट्रास्टुझुमॅबनं गर्भजल आटतं, म्हणून ते गरोदरपणात देत नाहीत. आमांत यांच्या गटानं पुढं केलेल्या सहा वर्षांच्या मुलांच्या तपासणीत भाषा आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत किंचित फरक दिसला, पण गुण सर्वसाधारण मर्यादेतच होते. ही मुलं चाळिशी-पन्नाशीला पोचेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवावी लागणार आहे.

रीत बदलते आहे. २०१८ मध्ये १६ देशांतल्या ११७० रुग्णांच्या वीस वर्षांच्या नोंदी एकत्र छापल्या गेल्या. गरोदरपणातच उपचार घेणाऱ्या आणि दिवस भरून बाळंत होणाऱ्या बायका वाढल्याचं त्यात दिसतं.

अशा प्रत्येक आईला माझं सांगणं आहे. केमोची फाइल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवा. कुठलं औषध, किती डोस, कितव्या आठवड्यात, हे मुलाच्या डॉक्टरांना दाखवा. शाळेत घालण्याआधी त्याचे कान तपासून घ्या, हृदयाची सोनोग्राफी लागेल का हे विचारा, आणि मूल सुदृढ दिसतंय म्हणून तपासणी चुकवू नका.