गणिताध्यापन, इतिहासाधारित
गणितातील संकल्पना ज्या प्रश्नांतून व रीतींतून उदयास आल्या, त्यांच्या आधारे त्या शिकविण्याची पद्धती. भारतातील तिचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे दिल्ली कॉलेजातील विज्ञानाचे अध्यापक रामचंद्र (१८२१–८०) यांचा प्रयत्न होय. भारतीय परंपरेचा ओढा बीजगणिताकडे आहे, हे ध्यानी घेऊन त्यांनी कलनशास्त्रातील महत्तम-लघुतम मूल्यांचे प्रश्न भास्कराचार्यांच्या (बारावे शतक) बीजगणितात आढळणाऱ्या वर्गसमीकरणांच्या साहाय्याने सोडविले. उदा., १० चे दोन भाग करून त्यांचा गुणाकार महत्तम करावयाचा आहे. एक भाग य व गुणाकार ग मानल्यास य (१० − य) = ग; म्हणून य = ५ ± √(२५ − ग). य वास्तव असण्यासाठी ग २५ पेक्षा मोठा असता कामा नये. म्हणून भाग समान असताना गुणाकार महत्तम होतो.

रामचंद्रांचा हा इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यास १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टस द मॉर्गन यांच्या देखरेखीखाली १८५९ मध्ये तो लंडनला पुन्हा छापण्यात आला. तथापि ही रीत अभ्यासक्रमात रूढ झाली नाही. कलनाची रीत अधिक व्यापक आहे. परंतु परिचित बीजगणितावरून विद्यार्थ्यास नव्या विषयाकडे नेता येते, हे या प्रयत्नावरून दिसते. गणितज्ञांची चरित्रे व सनावळ्या सांगून हे साधत नाही. जुनी रीत विद्यार्थ्याने स्वतः वापरून पाहणे आवश्यक असते.